भरल्या गाडीचा आवाज

मी एकटा असलो की ती गाडी गोड वागायची. माणसं बसली की दात खायची. हा स्वभाव मी माणसांत भरपूर पाहिला आहे, आमच्या भाऊबंदांत तर घरोघरी आहे, पण गाडीत असू शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी दोन-तीन आठवडे नुसता गोंधळलेला होतो. तो गोंधळ आठवला की अजूनही मला आधी राग येतो आणि मग हसू येतं.

गाडी मी सुरतेतल्या कतारगामहून घेतली, जुनी. हिऱ्याच्या धंद्यातला एक हौशी तरुण विकत होता. काळी, चकचकीत, आणि जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी. चाकं रुंद, टायर पत्र्याच्या बाहेर डोकावणारे. "मैंने नीचे करवाई है, और पहिये चौडे डलवाए हैं," तो अभिमानानं म्हणाला. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांशी माझा जन्म गेला. कापडाचा रंग फिका पडला तर मी लांबून सांगेन, गाडीचं मात्र मला चार चाकं असतात एवढंच ठाऊक. मला वाटलं, खाली केली म्हणजे काहीतरी जादाचं करून दिलेलं आहे. लग्नात भटजींनी एक मंत्र जास्त म्हटला तर आपण तक्रार करतो का?

नवागामच्या आमच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा लोक ओट्यावरून उठून आले. पोरं चाकांना हात लावून बघत होती. मायनं नारळ फोडलं, लिंबू-मिरची बांधली, चाकांना कुंकू लावलं. बायकोनं दारातून एकदा वाकून बघितलं आणि विचारलं, "अहो, ही उभी आहे की बसली आहे?" सगळे हसले. मला त्या वेळी तिचा राग आला होता. आज कबूल करायला हवं की त्या गाडीची सगळ्यात नेमकी तपासणी तिनंच केली होती.

गाडी घेण्याचं कारण माझी धाकटी बहीण. ती शहाद्याकडच्या एका गावात दिली आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा हातचं गेलं. दुसऱ्या वेळी ती आमच्याकडे, सुरतेलाच होती. आमच्याच घरात, आमच्याच मागच्या खोलीत ते झालं. त्यानंतर ती आखाजीलासुद्धा माहेरी आली नाही. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर गल्लीतल्या झोक्यावरची गाणी आईच्या कानाला टोचतात. माय त्या दिवशी पुरणाचं करायची आणि स्वतः जेवायची नाही.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा लागला होता. या वेळी सगळं ठीक चाललं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करा. मोठा दवाखाना म्हणजे सुरत. पण एस.टी.चे धक्के तिला चालणार नव्हते, आणि भाड्याच्या गाडीवर तिच्या सासऱ्यांचा, तात्यांचा, विश्वास नव्हता. "घरची गाडी आणा, मग धाडू," असा निरोप आला. शिवाय त्यांच्याकडे आठव्यात गरोदर बाईला गावची वेस ओलांडू देत नाहीत. म्हणजे न्यायचं तर सातवा संपायच्या आत. आठवा लागला की नाही, आणि नवव्यात डॉक्टर प्रवासाला हो म्हणणार नाहीत. बहिणीला मायजवळ यायचं होतं. फोनवर दर वेळी एवढंच विचारायची, "गाडी घिदी का?"

घेतली. काही दिवस तिच्यातून पलसाण्याला जाऊन-येऊन हात बसवला. हायवेवर गाडी लोण्यासारखी चालायची. आवाज नाही, कुरकुर नाही. मिलमधले लोक म्हणायचे, साहेब झालात. मी वरून 'काहीतरीच' म्हणायचो आणि आतून फुगायचो.

मग एका रविवारी आम्ही निघालो, मी, माय आणि बायको. त्या दोघी मागे बसल्या. मायला पुढच्या सीटची भीती वाटते, तिला वाटतं समोरचे ट्रक आपल्याच अंगावर येतात. येताना बहीण मागे आडवी व्हावी आणि बायकोनं पुढे यावं असं ठरलं होतं.

सोनगढ मागे पडलं, रस्ता वळणावळणांचा आणि चढाचा झाला, आणि मागून आवाज आला. घर्र. मग थांबला. पुढच्या खड्ड्याला परत, घर्रर्र. जात्यात खडा आला की येतो तसा.

"आवाज कथाइन ई राहिना रे?" मायनं विचारलं.

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो. रस्ता चांगला होता.

नवापूरच्या अलीकडे जळक्या रबराचा वास यायला लागला. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, चाकांभोवती फिरलो. लाथ मारून पाहिली. सगळे मारतात म्हणून मारली, त्यातून काय कळतं ते मला अजून माहीत नाही. माय आणि बायको पाय मोकळे करायला उतरल्या. मी एकटा थोडी पुढे-मागे चालवून पाहिली. आवाज नाही. त्या बसल्या, निघालो. पहिल्या गतिरोधकाला घर्रर्र.

"गाडीले नजर लागनी," माय म्हणाली. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त त्रास होतो.

तात्यांच्या दारात आम्ही पोहोचलो ते असे घरघरत. तात्या ओट्यावर उभे होते. त्यांनी वाकून मागचा टायर बघितला. टायरच्या बाहेरच्या कडेची साल निघाली होती, कोणीतरी किसणीवर घासल्यासारखी. त्यांनी तिथं बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "पाव्हना, ह्या गाडीमा मनी सून मी धाडाव नही."

आत दारात बहीण उभी होती. नेसून तयार. पायाशी बॅग.

तात्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हणालो असतो. पण त्या क्षणी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की ओशाळण्याचा रागच झाला. माझं तसंच होतं, चूक कळली की आवाज चढतो. चहा घ्या म्हणत होते तरी मी बसलो नाही. डिकी उघडली आणि साड्यांचे गठ्ठे ओट्यावर टाकायला लागलो.

साड्यांचं सांगायला हवं. सुरतेहून खानदेशात जाणारा माणूस रिकाम्या हातानं जाऊ शकत नाही. मिलमधल्या, कुठे डाग, कुठे छपाई सरकलेली, अशा साड्या आम्हाला स्वस्तात मिळतात, आणि गावाकडे चुलत्या, आत्या, नणंदा, नणंदांच्या जावा सगळ्या वाट बघत असतात. सुरतेहून आला आणि साडी नाही आणली, म्हणजे सुरतेला राहून केलं काय? त्या दिवशी सातव्या महिन्याचं निमित्त, म्हणून बहिणीच्या सासरच्या सगळ्या गोतावळ्यासाठी मायनं डिकी ठासून भरली होती. मी गठ्ठे उतरवत होतो, ओटा रंगीबेरंगी झाला होता, बायका गोळा झाल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत बहीण दाराची चौकट धरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याशी धड बोललोही नाही. "गाडी नीट करून येतो," एवढं म्हणालो असेन. तेही तिच्याकडे बघून म्हणालो की चाकाकडे, आठवत नाही.

परतीच्या वाटेला गाडी गप्प. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडला, नंदुरबार गेलं, वळणं आली, खड्डे आले, गाडी एक शब्द बोलेना. मी मुद्दाम एका खड्ड्यात घातली. नाही. बायकोच्या तोंडाकडे मी आरशातून बघितलं, ती बाहेर बघत होती. मी गाडी थांबवून तात्यांना फोन लावला. म्हटलं, तात्या, आवाज बंद झाला, मी परत येतो, तिला तयार ठेवा. पलीकडून तात्या शांतपणे म्हणाले, "रुसेल बाई बी जराखा येळ गप्प बसस." आणि फोन ठेवला.

माझं डोकं सणकलं. जाताना ओरडते आणि येताना गप्प बसते, ही गाडी आहे की माझी मावशी?

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याकडे सांगितलं, मागून घर्र आवाज येतो. त्यानं चक्कर मारली, तो आणि मी. "कशुं नथी, भाई." काही नाही कसं, म्हणून मी हट्ट धरला. त्यानं मागच्या चाकाचं बेअरिंग बदलून दिलं. परत चक्कर मारली, आवाज नाही. मी खूश. आधीही आवाज नव्हता हे माझ्या लक्षात आलं नाही. खूश व्हायचंच ठरवलं की माणसाला काही दिसत नाही.

संध्याकाळी मायला आणि बायकोला घेऊन दिंडोलीकडे देवळात गेलो. डिकीत पुन्हा साड्या होत्या. शहाद्याला दिल्याचं कळल्यावर माझ्या मावशीच्या सासरचे रुसले होते, त्यांचा गठ्ठा पाठवायचा होता. रेल्वे फाटकाजवळच्या उंचवट्याला घर्रर्र.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं चाकं सरळ नाहीत म्हणून ती यंत्रावर लावून सरळ केली. चक्कर मारली, गाडी झकास. घरी आणली, भरली, घर्रर्र. तिसऱ्याकडे गेलो. हा माणूस तोंडानं तिखट होता. माझं सगळं ऐकून घेतलं, गाडी घेऊन गेला, परत आला, किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी में कुछ नहीं है भाई. एक बार कान दिखा लो."

मी खरंच घाबरलो. कानांना नव्हे. मला वाटायला लागलं, मायचं खरं असेल. नजर म्हणा, पनवती म्हणा, काहीतरी आहे. गॅरेजात गेली की शहाणी, घरी आली की वेडी. सासरी जाच सोसून माहेरी 'सगळं छान आहे' म्हणणाऱ्या पोरींसारखी. मी लिंबू बदललं. कोणाला सांगितलं नाही, पण एका शनिवारी हनुमानाला तेलही वाहिलं. आणि रोज फोनवर बहिणीला म्हणायचो, होईल, आज-उद्या होईल. ती नुसती 'हां' म्हणायची. तिचं बोलणं आखूड होत चाललं होतं हे मला ऐकू येत होतं. पण तेव्हा माझे कान दुसऱ्याच आवाजासाठी टवकारलेले होते.

सातवा संपत आला.

उलगडा झाला तो माझ्या आळशीपणामुळे. आजवर गॅरेजला जाताना मी एक गोष्ट न चुकता करायचो. डिकीतले साड्यांचे गठ्ठे घरी काढून ठेवायचो. नव्या साडीला ग्रीसचा एक हात लागला की ती गेली. जन्मभर कापड सांभाळलेला माणूस मी, कापड तेलाजवळ नेणार कसा? माणसंही उतरवायचो, बायकांचं गॅरेजात काय काम? अगदी निगुतीनं गाडी रिकामी करून न्यायचो आणि विचारायचो, आवाज का येतो?

त्या दिवशी मिलमधून उशीर झाला होता, गठ्ठे काढायचे राहिले. तसाच त्या तिखट माणसाकडे गेलो. तो गॅरेजातल्या खड्ड्यात उतरण्याआधी गाडीच्या मागे उभा राहिला आणि तसाच राहिला.

"आज ये इतनी बैठी क्यों है?"

मला समजेना. गाडी रोज बसलेलीच असते. त्यानं डिकी उघडली.

"ये क्या है?"

"साड्या."

"कितनी?"

"ज्यादा नहीं. थोडीच. गावी पाठवायच्या आहेत."

त्यानं एक गठ्ठा उचलायला हात घातला आणि कमरेला हात लावून सोडून दिला. "ये थोडी है?" मग त्यानं मला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. बसलो. त्यानं टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. मला उतरवलं, गठ्ठे उतरवले. बोट सहज गेलं. आम्ही दोघं त्या चाकाकडे बघत उभे होतो, आणि मला वाटतं आम्हा दोघांनाही सारखीच लाज वाटत होती. त्यानंही कधी गाडी भरून पाहिली नव्हती.

मग त्यानं खाली जाऊन बघितलं आणि सांगितलं. त्या हौशी तरुणानं गाडी खाली आणायला मागच्या स्प्रिंगा चक्क कापल्या होत्या. वर रुंद चाकं. एकट्यादुकट्याला सगळं ठीक, पण मागे वजन आलं की गाडी खाली दबते आणि पत्र्याची आत वळलेली कड टायरला घासते. एवढंच होतं. तरीही मला ते पटायला वेळ लागला. साड्यांना वजन असतं हे मला कधी जाणवलंच नव्हतं. साडी म्हणजे झुळझुळीत, बोटावर तरंगणारी चीज. टनांनी कापड जाताना रोज पाहतो, पण ते मिलचं कापड. साडी भेट म्हणून डिकीत गेली की माझ्या हिशोबी ती हवा झाली होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

तो म्हणाला, मूळच्या स्प्रिंगा आणि मूळची चाकं बसवा, गोष्ट संपली. मी म्हणालो, "म्हणजे गाडी परत उंच होणार?"

"हाँ."

लाज वाटते सांगायला, पण बहीण तिकडे दारात ताटकळलेली आणि मला त्या खाली बसलेल्या काळ्या गाडीचा मोह सुटेना. आयुष्यात पहिल्यांदा गल्ली माझ्याकडे वळून बघत होती. मी म्हटलं, दुसरं काही होत नाही का? त्यानं खांदे उडवले. पत्र्याची कड वर दाबून बघू म्हणाला. तापवून, लाकडी दांड्यानं दाबून त्यानं ती कड वर चपटी केली. मग खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, कडेला आतून चुन्याचा जाड पट्टा ओढला. "पूरी भर के चलाओ. जहाँ चूना घिसेगा, वहाँ लग रही है."

पूर्ण भरायची म्हणजे माणसं हवीत. मी घरी आलो आणि गल्लीत हाक दिली. मायला काय, निमित्तच हवं असतं. तिनं शेजारच्या दोन काकूंना बोलावलं. त्यांतली एक आमच्या गल्लीत वजनदार म्हणून प्रसिद्ध, दोन्ही अर्थांनी. साड्या डिकीत, तीन बायका मागे, बायको पुढे. एवढ्या दुपारी, भर उन्हात, सगळ्या नटून आल्यासारख्या. कुठे जायचंय हे कोणी विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून मी गाडी नेली. घर्र.

"मी उतरू का रे?" त्या काकूंनी विचारलं.

"नका उतरू, तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं," मी म्हणालो आणि सगळ्या खिदळल्या. काकू मात्र नंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

उतरून पाहिलं. एका बाजूला चुना साफ पुसला गेला होता आणि टायरवर पांढरी रेघ उमटली होती. इतके दिवस ज्याला मी नजर समजत होतो, ते हे, बोटभर लांबीचं. मला वाटलं होतं, कळल्यावर मोकळं वाटेल. पण मी आणखीच चक्रावलो. एवढंसं होतं तर मला का दिसलं नाही?

पुढे त्यानं स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवून दिले. घासणं थांबलं. पण गाडी इतकी कडक झाली की मायला एका फेरीत कंबर धरावी लागली. ती उतरली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "पोटमा बाळ शे तिना." बस्स, एवढंच. मी त्याच पावली परत गेलो आणि त्या माणसाला म्हणालो, सगळं मूळचं बसव. रुंद चाकं तिथंच ठेवून आलो, मागे वळून बघितलं नाही. पुरी स्प्रिंग, अरुंद टायर, आणि गाडी अशी उंच आणि साधी दिसायला लागली की गल्लीतल्या पोरांनी विचारलं, ती काळी गाडी विकली का? बायको दारात आली, बघून म्हणाली, "आता उभी राहिली." या वेळी मला राग आला नाही.

सातव्याचे अगदी शेवटचे दिवस होते. गाडी भरून, खड्ड्यांतून, वळणांवरून, सगळीकडून तपासून मी एकटाच शहाद्याकडे निघालो. साड्या नेल्या नाहीत. तात्यांनी ओट्यावरून गाडी पाहिली. मग घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना बोलावून आत बसवलं, स्वतः पुढे बसले, आणि गावाच्या वेशीपर्यंत मला दोनदा फिरवलं. गाडी गप्प होती. मी घामानं भिजलो होतो. परत आल्यावर ते म्हणाले, "जाय लई." आणि सुनेची बॅग स्वतः उचलून आणली.

बहीण मागच्या सीटवर उशा लावून बसली. नंदुरबारपर्यंत मीच बोलत होतो. बेअरिंग, चाकं, चुना, काकू, सगळं सांगत होतो, हसवायचा प्रयत्न करत होतो. आरशात ती खिडकीबाहेर बघताना दिसत होती, हात पोटावर. नवापूर जवळ आलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "भाऊ, आवाज खरोखर व्हता?"

मला वाटलं, थट्टा करते. "म्हणजे काय? अख्ख्या गावानं ऐकला."

"मी नही ऐका. मी घरमा व्हतू." मग म्हणाली, "माले वाटनं, गाडीनं निमित्त शे. तुले भीती वाटनी. तुना घरमा परत तसंच व्हयी म्हनीसन."

मी गाडी बाजूला घेतली. थांबवली. माझा स्वभाव तर असा की एरवी मी ओरडलो असतो. वेडी का तू, काहीही काय बोलतेस, तीन आठवडे मी रस्त्यावर काढले, जाऊन त्या गॅरेजवाल्याला विचार. हे सगळं तोंडाशी आलं. पण मागची खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. त्या दिवसानंतर आम्ही तिथे पलंग टाकला नव्हता. तिथे धान्याचे डबे ठेवले होते. तिला कुठे झोपवायचं यावर मी आणि बायको अजून बोललोच नव्हतो. रोज गाडीबद्दल बोललो, खोलीबद्दल एकदाही नाही. मला खरंच फक्त त्या आवाजाची भीती वाटत होती का? मला कळेना. अजून कळत नाही.

"वाटते," मी म्हणालो. "अजून वाटते."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पुढे वाकून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी सायकलवर मागे बसली की ठेवायची तसा घट्ट.

"माले बी," ती म्हणाली. "चाल आते. माय वाट देखत व्हयी."